पन्नाशीनंतर व्यावसायिक टेनिस स्पर्धेत उतरावं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ५२. कॉलेजात असताना चांगलं टेनिस खेळलेलं, मग नोकरी-संसारात मोठा खंड, आणि आता गेली काही वर्षं पुन्हा नियमित खेळ. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये बऱ्याचदा शेवटच्या फेऱ्यांपर्यंत मजल. अशा खेळाडूनं आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, १५ हजार डॉलरच्या व्यावसायिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत नाव द्यावं का? एक मित्र म्हणतो, नियम अडवत नाही तर खेळून घे. दुसरा म्हणतो, धडपडणाऱ्या पोरांच्या वाटेत येऊ नकोस.

मी दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना शिकवतो. जागतिक क्रमवारीतला पहिला गुण मिळावा म्हणून वर्षभर वणवण करणारी विशीतली मुलं-मुली माझ्याकडे असतात, आणि चाळिशी-साठीतले हौशी खेळाडूही असतात. दोघांचीही तळमळ मी जवळून पाहतो, म्हणून गुळमुळीत उत्तर देणार नाही. वयाच्या कारणानं कोणालाही थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. पण त्या स्पर्धेच्या पातळीचा खेळ हातात नसेल, तर विशीत काय नि पन्नाशीत काय, तिथे उतरू नये. आणि मध्ये मोठा खंड पडलेल्या ५२ वर्षांच्या खेळाडूकडे एकेरीत ती पातळी असणं फार दुर्मीळ आहे. दुहेरीचं गणित वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

नियमांचं आधी उरकून घेऊ. आयटीएफच्या व्यावसायिक स्पर्धांना किमान वय १४ आहे, कमाल वयाची अट नाही. आयटीएफकडे नोंदणी करायची, 'आयपिन' नावाचा खेळाडू क्रमांक घ्यायचा, आणि मुदतीत नाव द्यायचं. १९६८ पर्यंत विम्बल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशींसाठी होत्या, पैसे घेऊन खेळणाऱ्यांना तिथे मज्जाव होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडात बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा झाली आणि ती भिंत पडली. तेव्हापासून तुम्ही हौशी की व्यावसायिक असं दारावर कोणी विचारत नाही. विचारतात ती क्रमवारी. त्यामुळे "परवानगी आहे का" या प्रश्नाचं उत्तर सरळ "हो" आहे.

आता उदाहरणांबद्दल, कारण वयाचा विषय निघाला की तीच तीच नावं पुढे येतात. मार्टिना नवरातिलोव्हानं २००४ मध्ये ४७व्या वर्षी विम्बल्डनच्या एकेरीत पहिली फेरी जिंकली. किमिको दाते १९९६ मध्ये निवृत्त झाली, २००८ मध्ये परतली आणि २००९ मध्ये ३९व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सोलची डब्ल्यूटीए, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक मालिकेतली, स्पर्धा जिंकली. व्हीनस विल्यम्सनं जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनला ४५व्या वर्षी एकेरीचा सामना जिंकला. रोहन बोपण्णा २०२४ मध्ये ४३व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकून जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेला. ही नावं ऐकून कोणाचंही रक्त सळसळेल, आणि सळसळावंच. पण यांच्यातला एकही जण मध्येच टेनिसकडे वळलेला किंवा परत आलेला हौशी खेळाडू नाही. त्यांच्या हातातला चेंडूचा अंदाज, पायांची सवय, सामन्यातल्या दडपणात निर्णय घेण्याची ताकद ही लहानपणापासून हजारो तासांत आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसमोर तयार झालेली आहे. वय वाढल्यावर त्यातलं थोडं गेलं, तरी उरलेलंच इतरांना पुरून उरतं. त्यांच्या वयाशी आपलं वय ताडून पाहण्यात अर्थ नाही. ताडायचाच असेल तर पाया ताडून पाहावा.

खऱ्या अर्थानं तुमच्या प्रश्नाजवळची उदाहरणं दुसरी आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या पेलमला ६९ वर्षांच्या गेल फाल्केनबर्ग आयटीएफ स्पर्धेच्या पात्रता फेरीत उतरल्या. पहिल्या सामन्यात त्यांनी आपल्याहून चाळीसहून अधिक वर्षांनी लहान प्रतिस्पर्ध्याला ६-०, ६-१ असं हरवलं. पुढच्या फेरीत गाठ पडली टेलर टाउनसेंडशी, जी कनिष्ठ गटात जगात पहिली होती. तो सामना फाल्केनबर्ग ०-६, ०-६ अशा हरल्या. या दोन निकालांकडे मी एकत्र बघतो. पात्रता फेरीच्या तळाशी पातळीत फार चढउतार असतो, हे पहिल्या निकालातून कळतं. आणि त्याच फेरीत, त्याच यादीत, पुढच्याच दिवशी खरी व्यावसायिक खेळाडू समोर येऊ शकते, हे दुसऱ्यातून. नाव देणाऱ्यानं दोन्हींची तयारी ठेवायला हवी.

आणखी एक प्रसंग २०१९ मधला, दोहाच्या १५ हजार डॉलरच्या स्पर्धेतला. पात्रता फेरीच्या एका सामन्यात एका खेळाडूला एकही गुण मिळाला नाही. दोन सेट, बारा गेम, सलग ४८ गुण प्रतिस्पर्ध्याचे. तो सामना जगभर पाहिला गेला, त्याची चेष्टा झाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एक माणूस अशा जागी उभा होता जिथे त्यानं उभं असायलाच नको होतं, आणि ते त्याला वेळेत सांगणारं कोणी नव्हतं. हे उत्तर मोठं होत चाललंय ते त्याचसाठी.

पात्रता फेरीत समोर कोण असतं

१५ हजार डॉलर म्हणजे पुरुषांची एम-१५ आणि महिलांची डब्ल्यू-१५, ही व्यावसायिक टेनिसची सर्वात खालची पायरी. त्यावर जास्त रकमेच्या आयटीएफ स्पर्धा, मग पुरुषांचे चॅलेंजर, मग पुरुषांच्या एटीपी आणि महिलांच्या डब्ल्यूटीए मालिकेच्या मुख्य स्पर्धा. "सर्वात खालची" हे शब्द ऐकून हौशी खेळाडूची फसगत होते. ती तळाची पायरी आहे, पण फार उंच इमारतीची. मुख्य फेरीतले ३२ जण बहुतेक जागतिक क्रमवारीत असतात. पात्रता फेरीत क्रमवारी नसलेले पुष्कळ असतात, पण ते कोण? राष्ट्रीय पातळीवर गाजलेले १८ वर्षांखालचे, अमेरिकन विद्यापीठांच्या संघांतून खेळणारे, दुखापतीतून परतणारे माजी क्रमवारीधारक. त्यांच्यातले बरेचजण आठव्या-नवव्या वर्षापासून रोज तीन-चार तास हेच करत आले आहेत.

कोर्टवर नेमकं काय होतं ते सांगतो, कारण बाहेरून पाहताना ते दिसत नाही. चांगल्या हौशी खेळाडूची पहिली सर्व्हिस ताशी १४०-१५० किलोमीटरच्या आसपास जाते. इथे समोरून १८०-१९० ची येते, आणि वेगापेक्षा जास्त त्रास देतो तो तिचा टप्पा. चेंडू खांद्याच्या उंचीला येतो, किंवा शरीरातच घुसतो. रिटर्न करणाऱ्याच्या हाती अर्ध्या सेकंदाहून थोडाच जास्त वेळ असतो. त्या वेळात रॅकेट मागे नेण्याची लांब लकब चालत नाही. म्हणून पहिले तीन गेम असे जातात की रिटर्न फ्रेमला लागतोय, जाळ्यात जातोय, नाहीतर आखूड पडतोय. आखूड पडलेल्या प्रत्येक चेंडूवर पुढचा फटका सुटलेला असतो.

मग आपली सर्व्हिस येते. वयोगटात आपली दुसरी सर्व्हिस निभावून जाते, कारण समोरचाही सावधपणे खेळतो. इथे दुसरी सर्व्हिस म्हणजे आमंत्रण. समोरचा बेसलाइनच्या आत येऊन ती मारतो, पहिल्या चेंडूपासून आपण कोर्टच्या कोपऱ्यात ढकलले जातो.

आणि हौशी खेळाडूची खास शस्त्रं, म्हणजे स्लाइस, ड्रॉप शॉट, लॉब, जागा हेरून मारलेला फटका? ती सगळी शस्त्रं वेळ मिळाल्यावर चालतात. पातळी वाढते म्हणजे मुख्यतः समोरच्याचा वेळ काढून घेतला जातो. हात तोच असतो, डोकं तेच असतं, पण चेंडूपाशी पोचायला अर्धं पाऊल उशीर होतो आणि ड्रॉप शॉट जाळ्याच्या वर तरंगतो. वयोगटात माझे जे विद्यार्थी केवळ अक्कलहुशारीनं जिंकतात त्यांना हे पटवून द्यायला मला सर्वात जास्त कष्ट पडतात. त्यांची अक्कल खरी असते. ती वापरायला लागणारा वेळ तिथे मिळत नाही, एवढंच.

एका गोष्टीचा उलटा अनुभवही सांगायला हवा. पात्रता फेरीतली तरुण मुलं मनानं घाईची असतात. मंद, खोल, उंच चेंडूंवर काहीजण वैतागतात आणि चुका करतात. वयस्क खेळाडूला अधूनमधून जे गेम मिळतात ते इथून. पण त्याच्या भरवशावर नाव देऊ नये.

जागा कोणाची जाते

तुमच्या दुसऱ्या मित्राचा आक्षेप नीट तपासला पाहिजे. तो जितका सरसकट वाटतो तितका खरा नाही, आणि काही ठिकाणी तो वाटतो त्याहून जास्त खरा आहे.

यादी क्रमवारीनुसार लागते. तुमच्याकडे क्रमवारी नसेल तर क्रमवारी असलेला प्रत्येकजण तुमच्या वर. म्हणजे भरलेल्या यादीत तुम्ही कोणाला ढकलून आत जाऊ शकतच नाही. तुमची वर्णी लागते ती जागा उरली तरच. एकाच आठवड्यात अनेक ठिकाणी स्पर्धा असतात, काही जायला गैरसोयीच्या असतात, तिथे पात्रता फेरीच्या जागा रिकाम्या राहतात. खरोखर रिकामी जागा असेल तर तुम्ही कोणाचंही काही घेत नाही. उलट ज्याला पुढे चाल मिळणार होती त्याला सामना मिळतो.

पण "रिकामी" हे ठरवायचं कधी? यादीत नाव न आलेले खेळाडू पात्रता फेरीच्या आदल्या दिवशी थेट स्पर्धेच्या ठिकाणी येऊन सही करतात, कोणी गळालं तर आत घेतील या आशेवर. ती मुलं सामान घेऊन रेफ्रीच्या खोलीबाहेर थांबलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणी बाहेर राहून तुम्ही आत जात असाल, आणि खेळाच्या जोरावर तुम्ही त्यांच्या पुढे नसाल, तर तुमच्या मित्राचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

त्या मुलांसाठी ही जागा काय असते हेही समजून घ्या. आयटीएफनं २०१३ सालच्या आकडेवारीवरून केलेल्या आढाव्यात व्यावसायिक स्पर्धा खेळणारे सुमारे १४ हजार खेळाडू होते, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना वर्षभरात बक्षिसाचा एक पैसाही मिळाला नव्हता. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीनं २०१८ मध्ये सांगितलं की खर्च भागवण्याइतकं कमावणारे खेळाडू पुरुषांत आणि महिलांत प्रत्येकी अडीचशे ते साडेतीनशेच्या घरात आहेत. एम-१५ च्या एकेरीत मुख्य फेरीचा पहिला सामना हरलात तर क्रमवारीचा गुण मिळत नाही, आणि हाती येतात ते दीडशे डॉलरच्या आसपास. पात्रता फेरीत हरणाऱ्याला तेही नाही. म्हणजे रेफ्रीच्या खोलीबाहेर थांबलेला मुलगा गाडीभाडं, राहणं, रॅकेटच्या तारा सगळं पदरचं घालून एका गुणाच्या मागे आलेला असतो. तुम्हाला तो अनुभव हवा असतो, त्याला तो गुण मिळाला नाही तर कदाचित खेळच सोडावा लागतो.

वाइल्ड कार्डबद्दल, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजक देतात त्या थेट प्रवेशाबद्दल, माझं मत कडक आहे. वाइल्ड कार्डची जागा कधीच रिकामी नसते, ती कोणाला तरी देण्यासाठीच राखलेली असते. उगवत्या स्थानिक खेळाडूसाठी, दुखापतीतून परतणाऱ्यासाठी तिचा उपयोग व्हावा. ओळखीवर, प्रायोजकत्वाच्या नात्यानं किंवा "ज्येष्ठांना प्रोत्साहन" म्हणून ती मागू नका, आणि कोणी देऊ केली तरी नाकारा. पैसे घेऊन वाइल्ड कार्ड देणं किंवा पैसे देऊन घेणं हा टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांखाली सरळ गुन्हा आहे. तसा प्रस्ताव आला तर तो नाकारून भागत नाही, कळवावाही लागतो.

पातळी आहे का, हे कसं ओळखायचं

हल्ली जागतिक मापनं आहेत. आयटीएफचं वर्ल्ड टेनिस नंबर ४० पासून १ पर्यंत उतरतं, म्हणजे आकडा जितका लहान तितका खेळाडू वरचा. यूटीआर, म्हणजे युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, त्याच्या उलट, १ पासून साडेसोळापर्यंत चढतं. माझ्या पाहण्यात क्लबात वरचढ ठरणारे पन्नाशीतले हौशी खेळाडू यूटीआरवर ७ ते ९ च्या दरम्यान असतात. पुरुषांच्या एम-१५ पात्रता फेरीत टिकाव धरायचा तर १२ च्या आसपास असावं लागतं. हा फरक तीन-चार आकड्यांचा दिसतो, पण दोन आकड्यांच्या अंतरावरही सामना एकतर्फी होतो.

आकड्यांपेक्षा मला खात्रीची वाटते ती प्रत्यक्ष कसोटी. गेल्या वर्षभरात पात्रता फेरी खेळून हरलेला एखादा तरुण खेळाडू गाठा. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, हे महत्त्वाचं, कारण त्याला त्यांची गरज असते आणि तुम्हाला त्याचा प्रामाणिक खेळ हवा असतो. त्याच्याशी तीन वेगवेगळ्या दिवशी पूर्ण सामना खेळा, नवीन चेंडूंनी, गुण मोजून. त्याला सांगा की हात राखून खेळायचं नाही. प्रत्येक सेटमध्ये तुम्ही तीन-चार गेम काढत असाल आणि त्यांतले काही त्याची सर्व्हिस मोडून, म्हणजे तो सर्व्हिस करत असताना, आलेले असतील, तर नाव द्या, तुमचा तो हक्क आहे. एखाद-दुसरा गेमच मिळत असेल तर उत्तर मिळालं. आणि ते कळायला कोणाची जागा लागली नाही, कोणासमोर शोभा झाली नाही, उलट एका धडपडणाऱ्या खेळाडूच्या पुढच्या प्रवासाचा खर्च निघाला.

या कसोटीला कोण उतरतं? माझ्या अनुभवात पस्तिशी-चाळिशीतले माजी विद्यापीठ खेळाडू, ज्यांनी खेळ कधी सोडलाच नाही. रोज क्रमवारीतल्या खेळाडूंना सराव देणारे प्रशिक्षक. बाळंतपणानंतर परतणाऱ्या माजी राष्ट्रीय खेळाडू. यांना मी स्वतः नाव द्यायला लावतो. चाळिशीचा माणूस पात्रता फेरीत दोन सामने जिंकतो तेव्हा समोरच्या तरुणालाही खूप शिकायला मिळतं, आणि "वय झालं" असं म्हणणाऱ्या आयोजकांना मी मुळीच दाद देत नाही.

शरीराचं काय

तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता बैठ्या माणसात दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते, म्हणून दम ही आपली मुख्य अडचण नसते. अडचण असते ती झटक्यात आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंची, जे वयाबरोबर आधी जातात, आणि कंडरांची, ज्या सावरायला जास्त दिवस घेतात. टेनिसमध्ये पहिलं पाऊल, सर्व्हिसवरची उडी, कोपऱ्यातून परत फिरणं, सगळं त्या तंतूंवर चालतं. चाळिशीपुढच्या खेळाडूत पोटरीचा आतला स्नायू फाटणं इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्या दुखापतीला 'टेनिस लेग' म्हणतात. टाचेमागची कंडरा आणि खांद्यातले स्नायूबंध हे त्यानंतरचे. या दुखापती बहुतेक वेळा अशाच दिवशी होतात जेव्हा माणूस सवयीपेक्षा वरच्या वेगाच्या खेळात उतरतो, आणि पात्रता फेरी म्हणजे नेमका तोच दिवस.

पात्रतेचे सामने लागोपाठच्या दिवशी असतात. दोन गुणांमध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद. वयोगटाच्या स्पर्धेत आपण नकळत जो निवांतपणा घेतो तो इथे पंच देत नाहीत. किमान सहा महिने आधीपासून पायांचा ताकदीचा व्यायाम, आखूड धावा आणि सर्व्हिसची संख्या हळूहळू वाढवत नेणं, एवढं झालं नसेल तर नाव देऊ नका. सर्व्हिसची संख्या एकदम वाढवणं हे खांदा गमावण्याचं सर्वात सोपं कारण आहे.

आणि हृदय. पस्तिशीपुढच्या खेळाडूंत खेळताना होणाऱ्या अचानक मृत्यूंचं मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हे आहे. छातीत दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नये. कुटुंबात हृदयविकार असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपान असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. स्ट्रेस टेस्ट लागेल का ते त्यांना ठरवू द्या. मला हा मुद्दा वाटाघाटीचा वाटत नाही. ज्यांनी तपासणी टाळली त्यांना मी स्पर्धेसाठी तयार करत नाही.

औषधं आणि नियम, ज्यांचा विचार कोणी करत नाही

व्यावसायिक स्पर्धेत नाव दिलं की तुम्ही उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांखाली येता, अगदी क्रमवारीत पहिल्या असलेल्या खेळाडूसारखे. पन्नाशीतल्या माणसासाठी हे फार महत्त्वाचं आहे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत लघवीचं प्रमाण वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि ते कायम प्रतिबंधित आहे. इन्सुलिन प्रतिबंधित आहे. टेस्टोस्टेरॉन कोणत्याही रूपात प्रतिबंधित आहे. तोंडानं घ्यायची आणि टोचून घ्यायची स्टेरॉइड्स स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहेत, म्हणजे गुडघ्यात घेतलेलं साधं इंजेक्शनसुद्धा अडचणीत आणू शकतं. (बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या नेमबाजी, तिरंदाजीत चालत नाहीत, टेनिसमध्ये चालतात.) वैद्यकीय गरज असेल तर त्या औषधाच्या वापराची सूट आगाऊ मागता येते, पण कागदपत्रांना वेळ लागतो. "मला माहीत नव्हतं" हा बचाव इथे चालत नाही. शरीरात काय आढळलं याची जबाबदारी खेळाडूचीच. आणि नीट ऐका, स्पर्धेसाठी चालू औषध स्वतःच्या मनानं बंद करणं हा पर्याय नाही. डॉक्टरांशी बोला, बदल शक्य नसेल आणि सूट मिळत नसेल तर स्पर्धा सोडा.

त्याचबरोबर टेनिसच्या सचोटी नियमांखालीही तुम्ही येता. त्याचा एक ऑनलाइन पाठ पूर्ण करावा लागतो. टेनिसच्या कोणत्याही सामन्यावर पैसे लावता येत नाहीत, अगदी ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यावरही नाही. खालच्या पातळीवरचे सामने सट्टेबाजांना सोपे वाटतात. कोणी संपर्क साधला तर कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणं हाही गुन्हा धरला जातो.

मग खेळायचं कुठे

हे मी सांत्वन म्हणून सांगत नाही, कारण माझ्या मते ५२व्या वर्षीच्या खेळाडूला सर्वात कठीण आणि सर्वात सुंदर टेनिस इथेच मिळतं. आयटीएफचा मास्टर्स टूर ३० पासून ९० वर्षांपर्यंतच्या वयोगटांत जगभर चालतो. एमटी-१०० पासून एमटी-१००० पर्यंत दर्जे आहेत, स्वतंत्र जागतिक क्रमवारी आहे, दरवर्षी वैयक्तिक आणि सांघिक जागतिक अजिंक्यपदं होतात. युक्रेनचे लिओनिद स्टानिस्लावस्की २०२१ मध्ये ९७व्या वर्षी मायोर्कात जागतिक स्पर्धा खेळले, त्यांच्यासारख्यांसाठी ९० वर्षांवरील गट सुरू झाला होता. ५० वर्षांवरील पुरुषांचा सांघिक चषक फ्रेड पेरींच्या नावाचा आहे, महिलांचा मारिया एस्थर बुएनोच्या नावाचा. या गटाच्या वरच्या फेऱ्यांत माजी व्यावसायिक खेळाडू असतात. तिथे उपांत्य फेरी गाठणं हे एम-१५ च्या पात्रता फेरीत ०-६, १-६ हरण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि तिथल्या पराभवातून शिकता येतं, कारण सामना खरोखर सामना असतो.

आता दुहेरी. व्यावसायिक स्पर्धेचा अनुभव तुम्हाला हवाच असेल, तर माझी शिफारस इथली. दुहेरीत अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं, रॅली आखूड असतात, रिटर्नची जागा, नेटवरचा हात, जोडीदाराशी समज यांना किंमत असते, आणि या गोष्टी वयाबरोबर तितक्या झिजत नाहीत. आयटीएफच्या दुहेरीत ४०-४० झाल्यावर एकाच गुणावर गेम ठरतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो, त्यामुळे शरीरावरचा भारही मर्यादित राहतो. अमेरिकेच्या गार्डनर मलॉय यांनी १९५७ मध्ये बज पॅटीबरोबर विम्बल्डनची दुहेरी जिंकली तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, आणि तेव्हाचं विम्बल्डन हौशींचंच होतं. आज ८० वर्षांवरील पुरुषांच्या सांघिक स्पर्धेला त्यांचं नाव आहे. अर्थात दुहेरीतही प्रवेश जोडीच्या क्रमवारीवर ठरतो, म्हणून क्रमवारी असलेला जोडीदार लागतो, आणि त्याला तुमच्याबरोबर खेळण्यात फायदा दिसला पाहिजे. तुमची व्हॉली आणि रिटर्न त्याच्या नजरेत भरतील इतके असतील तर तो स्वतःच विचारेल. तुम्ही मागे लागून मिळवलेला जोडीदार म्हणजे पुन्हा वाइल्ड कार्डच.

तुमच्या जागी मी असतो तर हे वर्ष ५० वर्षांवरील गटात मास्टर्स टूरच्या निदान दोन-तीन स्पर्धा खेळलो असतो, त्यातून मापनाचा आकडा मिळवला असता, आणि वर सांगितलेली तीन दिवसांची कसोटी घेतली असती. तिच्यात उतरलात तर एकेरीत नाव द्या, नाही उतरलात तर दुहेरीचा विचार करा. नाव दिल्यावर शंका वाटू लागली तर मागे घ्यायच्या मुदतीच्या आत मागे घ्या. मुदतीनंतर मागे घेतलेल्या किंवा न सांगता बुडवलेल्या नावाला दंड होतो, पण त्याहून वाईट म्हणजे तुमच्या खालच्या नावाच्या खेळाडूला आपण आत आहोत हे इतक्या उशिरा कळतं की त्याला तिथवर पोचणं शक्य होत नाही. आणि एकदा कोर्टवर गेलात की ०-५ वर असतानाही शेवटच्या गुणापर्यंत पूर्ण ताकदीनं खेळा, नियमही तेच सांगतो. दुखापत झाली तरच सामना सोडा.